गुंठा घेण्याआधी वही उघडू या

मागच्या आठवड्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला. शिलाईचे आणि दुधाचे मिळून ६ लाख रुपये त्यांनी बारा वर्षांत साठवलेत. हायवेलगत दोन गुंठ्यांचा प्लॉट तेवढ्यात मिळतोय. एजंट म्हणतो, दहा वर्षांत दुप्पट होतील, शनिवारपर्यंत इसार द्या. मुलगी दहावीला आहे, तिला पुढे नर्सिंगला घालायचंय. "घेऊ का?" एवढंच त्यांनी विचारलं. असं उत्तर फोनवर कसं देणार? त्यांना केंद्रावर बोलावलं आणि वही घेऊन बसलो.

आधी 'दुप्पट' या शब्दाकडे बघू. ऐकायला तो फार मोठा वाटतो. पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते माहीत असेल, तर ७२ ला त्या वर्षांनी भागायचं, म्हणजे वर्षाचा दर साधारण कळतो. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला ७.२ टक्के. बस, एवढंच.

तेही पूर्ण हाती येत नाहीत. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील, मोजणी, तारेचं कुंपण असे आम्ही ६० हजार धरले. म्हणजे घरातून गेले ६ लाख ६० हजार. दहा वर्षांनी १२ लाखांना प्लॉट विकला आणि एजंटाने दोन टक्के घेतले, तर हाती येतात ११ लाख ७६ हजार. हा दर वर्षाला सहा टक्क्यांच्याही किंचित खाली येतो. तेच ६ लाख ६० हजार सहा टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर दहा वर्षांत सुमारे ११ लाख ८२ हजार झाले असते. कर दोन्हीकडे लागू शकतो, तो आम्ही बाजूला ठेवला. ताई बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत होत्या.

मग जमीन घेऊच नये का? तसं नाही. रस्ता रुंद झाला, शेजारी वस्ती वाढली, तर दुपटीच्या ठिकाणी तिप्पटही होतील. पण रस्ता कधी होणार ते एजंटाच्या हातात नाही आणि आपल्याही नाही. शिवाय मोकळा प्लॉट दरमहा एक रुपया देत नाही. मुलीची फी तीन वर्षांनी भरायची आहे. ठेव मोडता येते, सोनं गहाण ठेवता येतं, प्लॉटचा कोपरा विकून फी भरता येत नाही. गरजेच्या वेळी विकायला काढला की गिऱ्हाईक लगेच ओळखतं आणि भाव पाडून मागतं.

प्लॉटऐवजी कर्ज काढून फ्लॅट घ्यावा आणि भाड्यातून हप्ता फेडावा, असंही पुष्कळजणी विचारतात. २० लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, वीस वर्षं मुदत, तर हप्ता सुमारे १८ हजार येतो. आपल्या तालुक्याच्या गावात त्या घराला ८ हजार भाडं आलं, तर उरलेले १० हजार दर महिन्याला कुठून आणायचे, ते आधी ठरवा.

पण खरी भीती भाव पडण्याची नाही. भाव पडला तरी जागा राहते. कागद कच्चा निघाला तर मात्र सगळंच जातं.

एजंट म्हणाला होता, शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो, खर्चही वाचेल. मैत्रिणींनो, १०० रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्ताशिवाय विकत घेता येत नाही, असा कायदाच आहे. नोटरीच्या कागदाने किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितलं आहे. मग तो नोटरीकडे का वळतो? कारण शेतजमिनीचे असे दोन-दोन गुंठे सुटे विकायला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो. त्यात अलीकडे बदल झालेत, म्हणून आपल्या गटाला नेमकं काय लागू आहे ते तहसील कार्यालयातच विचारायचं, चहाच्या टपरीवर नाही. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकत असतील, तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा. तिथे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, हेही एजंटाने सांगितलं होतं. सूट आहे खरी, १ एप्रिल २०२१ पासून. पण ती राहत्या घरासाठी आहे, मोकळ्या प्लॉटला नाही.

मग आम्ही सातबारा काढला. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. मालकीची खात्री करायची तर वकिलाकडून मागच्या तीस वर्षांचा शोध घ्यावाच लागतो. तरी सुरुवात इथूनच करायची. 'भोगवटादार वर्ग २' असेल तर विक्रीला सहसा सरकारी परवानगी लागते. आणि 'इतर हक्क' हा रकाना तर बोट ठेवून वाचायचा. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता.

वर मालकांमध्ये विकणाऱ्या भावाशेजारी त्याच्या तीन बहिणींची नावं होती. एजंटाला फोन लावला, तर म्हणतो, "बहिणींचं काय, त्या करतील सह्या." हे वाक्य आपण सगळ्यांनी माहेरी ऐकलंय. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. त्या तिघींनी दस्तावर सही केली नाही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र दिलं नाही, तर उद्या त्या कोर्टात जातील आणि त्यांचं बरोबरच असेल.

ताईंनी फीपुरते पैसे तीन वर्षांच्या ठेवीत टाकलेत. उरलेल्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही. त्यांनी एजंटाला एवढंच सांगितलं, की बोजा उतरवा, तिघी बहिणींना दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन या, मग इसाराचं बोलू. शनिवार होऊन गेला. अजून त्याचा फोन आलेला नाही.