सुरतचं घर सोडताना : काय काढायचं, काय ठेवायचं?

लिंबायत, उधना, डिंडोलीत आपल्या खानदेशी मंडळींची बरीच वस्ती आहे, त्यामुळे ‘पंखे काढू की ठेवू?’ हा प्रश्न सारखा कानावर येतो.

भाड्याचं घर असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ वाचा. करारात वेगळं काही नसेल, तर भाडेकरूने बसवलेल्या वस्तू ताबा सोडण्यापूर्वी काढता येतात. मात्र घर मिळालं तसंच परत द्यायचं. म्हणजे ड्रिलची भोकं बुजवणं आलंच.

जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो. तो खुशाल ठेवून या. बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास, तो न्याच. स्प्लिट एसी काढण्याआधी गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घ्यायला लावा, नाहीतर नव्या घरी गॅस भरायचा खर्च. क्षार धरलेला गिझर? मिळेल त्या भावाला द्या. मॉड्युलर किचन मापाचं असतं, त्याचे पैसे घर विकतानाच्या सौद्यात धरा. पाइप गॅसचा मीटर कंपनीचा, त्याला हात लावू नका. डिपॉझिट मात्र मागा.

आणि हिंचका, म्हणजे आपला झोपाळा! पितळी कड्या भंगारात वजनावर देऊ नका, पुढच्या घरमालकाला विचारा. सुरतेत गिऱ्हाईक मिळतंच, फक्त स्लॅबमधला हूक तिथेच राहू द्या.