घरगुती संगणकजाळ्यातील बिनतारी प्रिंटर : दोषनिदानाचा विचार

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात घरच्या घरी छपाई करण्याची सोय ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत अनेक घरांतील एकच खोली सकाळी वर्ग आणि दुपारी कचेरी झाली, व ती सवय पुढे पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली. प्रबंधाचे एखादे प्रकरण, प्रतिज्ञापत्राचा मसुदा किंवा मुलाचा प्रवेशअर्ज सकाळची लोकल गाठण्यापूर्वी कागदावर उतरला पाहिजे, अशी निकड असते. आणि नेमक्या त्या वेळी संगणकाच्या पडद्यावर ‘प्रिंटर ऑफलाइन’ अशी सूचना उमटते. या सूचनेचा अर्थ सामान्यतः असा केला जातो की, प्रिंटर बिघडला. वस्तुतः ही सूचना प्रिंटर देत नसून संगणक देत असतो. आणि तिचा आशय एवढाच असतो की, ज्या ठिकाणी प्रिंटर असल्याचे संगणकाच्या स्मरणात आहे, त्या ठिकाणाहून उत्तर आले नाही. स्मरणच चुकीचे असेल, तर प्रिंटर शेजारच्या मेजावर पूर्णपणे निर्दोष अवस्थेत उभा असूनही हीच सूचना येईल.

म्हणून प्रिंटर ‘न सापडणे’ आणि त्याच्यापर्यंत ‘न पोहोचणे’ या दोन घटना मुळातच भिन्न आहेत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पहिलीत मार्ग मोकळा असतो, पण ठावठिकाणा ठाऊक नसतो. दुसरीत ठावठिकाणा ठाऊक असतो, पण मार्ग बंद असतो. दोहोंचे बाह्य लक्षण एकच असल्यामुळे त्यांची गल्लत होते, आणि एकीवरील उपाय दुसरीवर केला जातो. पुन्हा पुन्हा नवीन प्रिंटर म्हणून नोंद करणे, प्रिंटरमधील सर्व नोंदी पुसून टाकणे, किंवा चांगले यंत्र भंगारात देऊन नवे आणणे, हे सर्व या गल्लतीचेच परिणाम होत.

घरातील प्रत्येक उपकरणास राउटर एक अंकात्मक पत्ता देतो; उदाहरणार्थ, १९२.१६८.१.७. ही वाटपाची पद्धत डीएचसीपी या नावाने ओळखली जाते. तिचे आजही प्रचलित असलेले मुख्य विवरण मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा पत्ता मालकीहक्काने मिळत नसून ठराविक मुदतीच्या भाड्याने मिळतो. मुदत काही राउटरांत दोन तासांची, तर काहींत एक दिवसाची असते. निम्मी मुदत संपली की उपकरण नूतनीकरणाची विनंती करते, व ते सतत चालू असल्यास पत्ता सहसा बदलत नाही. लॉजमध्ये उतरलेला पाहुणा रोज भाडे भरीत राहिला तर त्याची खोली कायम राहते. तो चार दिवस गावी जाऊन परतला तर त्याला मिळेल ती खोली घ्यावी लागते. खोली क्रमांक ७ वर पत्र पाठविणाऱ्यास हा बदल कोणी कळवीत नाही. संगणकाची स्थिती नेमकी या पत्रलेखकासारखी असते.

आता या भागातील एका नित्याच्या प्रसंगाचा विचार करू. पावसाळ्यात वीज जाते आणि काही वेळाने परत येते. ज्या घरी राउटर इन्व्हर्टरवर आहे, पण प्रिंटर नाही, तेथे राउटरची नोंदवही शाबूत राहते. प्रिंटर अल्पकाळ बंद राहून पुन्हा चालू झाल्यास त्याला बहुधा जुनाच पत्ता मिळतो. जेथे दोन्ही बंद पडतात, तेथे प्रकार निराळा होतो. अनेक घरगुती राउटरांतील पत्त्यांची नोंदवही वीज जाताच पुसली जाते. वीज आल्यावर राउटरला पूर्ण कार्यक्षम होण्यास एक-दोन मिनिटे लागतात. तोवर दोन मोबाइल, दूरचित्रवाणीसंच, लॅपटॉप आणि प्रिंटर असे सर्वजण दाराशी उभे असतात. बहुतेक उपकरणे आपला पूर्वीचा पत्ता मागून घेण्याचा प्रयत्न करतात. परंतु एखाद्या उपकरणाने तो न मागता नवा मागितला, आणि प्रिंटरचा जुना पत्ता त्याच्या वाट्यास गेला, की प्रिंटर दुसरीकडे जातो. अशा वेळी संगणक छपाईचा मजकूर दूरचित्रवाणीसंचाकडे पाठवीत राहतो, हे वर्णन विनोदी वाटले तरी शब्दशः खरे आहे. राउटर सिद्ध होण्यापूर्वीच थकून शोध सोडून देणारे काही प्रिंटरही असतात. त्यांना केवळ बंद करून पुन्हा चालू करणे पुरते. वीजखंडानंतर सर्व उपकरणे विशिष्ट क्रमाने चालू करावीत, प्रथम राउटर, दोन मिनिटांनी प्रिंटर आणि शेवटी संगणक, हा तंत्रज्ञांचा सल्ला म्हणूनच निव्वळ रूढी नव्हे.

पत्ता बदलला तरी नावावरून शोध घेता यावा, अशी योजना उपलब्ध नाही काय? ती आहे. संगणक जाळ्यातील सर्वांना उद्देशून एक हाक देतो, आणि त्या नावाचा प्रिंटर आपला सध्याचा पत्ता कळवितो. ही योजना प्रथम २००२ साली अ‍ॅपल संगणकांत आली, आणि २०१३ मध्ये तिचे अधिकृत विवरण प्रसिद्ध झाले. परंतु दाट वस्तीत हीच योजना दगा देते, आणि त्याचे कारण फारसे विदित नाही. बिनतारी जाळ्यात एका विशिष्ट उपकरणास पाठविलेला संदेश पोहोचल्याची पावती येते. पावती न आल्यास तो पुन्हा पाठविला जातो. मात्र राउटर जेव्हा एखादी हाक सर्वांना उद्देशून पुढे देतो, तेव्हा तिला पावती नसते. ती गोंगाटात हरवली तर हरवली. डोंबिवलीतील एखाद्या सात मजली इमारतीत मोबाइल उघडला की वीस-पंचवीस वाय-फाय जाळ्यांची नावे दिसणे विशेष नाही. भारतात २००५ पासून परवानामुक्त असलेल्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकींस बाधा न आणणाऱ्या वाहिन्या व्यवहारतः तीनच, १, ६ आणि ११. वीस घरांचा संसार या तीन वाहिन्यांवर चालतो. परिणामी चलच्चित्र सुरळीत दिसते, कारण तेथे हरवलेला भाग पुन्हा येतो. परंतु प्रिंटर ‘सापडत’ नाही, कारण त्याला मारलेली हाक पुन्हा दिली जात नाही. ‘इंटरनेट तर व्यवस्थित चालू आहे’ या पुराव्यावरून जाळे निर्दोष ठरविणे यासाठीच धोक्याचे आहे.

‘न पोहोचण्या’चे सर्वांत सामान्य कारण या भागात दोन राउटर हे दिसते. फायबरसेवा देणारा आपली पेटी बसवितो, व तिच्यातच वाय-फाय असते. ते आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही म्हणून गृहस्थ स्वतःचा दुसरा राउटर आणून तारेने जोडतो. दुसरा राउटर स्वतंत्र पत्तेवाटप करू लागला की एका घरात दोन गावे वसतात : एकात १९२.१६८.१ ने आरंभ होणारे पत्ते, दुसऱ्यात १९२.१६८.० ने. संगणक एका गावात आणि प्रिंटर दुसऱ्यात असल्यास, विशेषतः संगणक बाहेरच्या गावात असल्यास, त्याला आतल्या प्रिंटरपर्यंत जाता येत नाही. उपाय असा की, दुसऱ्या राउटरमधील पत्तेवाटप बंद करून त्याला केवळ प्रक्षेपणबिंदू म्हणून राबवावे. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या निराळ्या वाय-फायवर संगणक जोडला गेल्यासही हीच स्थिती उद्भवते. तेथील भिंत हेतुपुरस्सर घातलेली असते.

एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट आहे. पुष्कळसे घरगुती प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा ओळखतात. त्यावरून संगणकही त्याच पट्ट्यावर असला पाहिजे असे सांगितले जाते. सामान्यतः तसे नाही. एकाच राउटरवरील दोन पट्टे आतून जोडलेले असतात. अडचण येते ती फक्त प्रथम नोंदणीच्या वेळी, मोबाइल ५ गिगाहर्ट्‌झवर असल्यास. भिंतींचा, आणि लोखंडी कपाटावर प्रिंटर ठेवण्याच्या प्रघाताचा, परिणाम होतो खरा. पण एक-दोन खोल्यांच्या सदनिकेत तो क्वचितच निर्णायक असतो.

तपासणीचा आरंभ संगणकापासून न करता प्रिंटरपासून करावा. बहुतेक प्रिंटर आपल्याच कळीवरून जाळ्याच्या स्थितीचे एक पान छापू शकतात. ते छापले गेले, तर शाई, कागद व यंत्र ठीक असल्याचे त्याच क्षणी सिद्ध होते; शिवाय त्यावर वाय-फायचे नाव आणि चालू पत्ता मिळतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, व त्याने स्वतःच एक कल्पून घेतला आहे. नंतर संगणकाच्या पत्त्याचे पहिले तीन भाग याच्याशी जुळतात की नाही ते पाहावे; न जुळल्यास दोन गावांचा संशय घ्यावा. जुळल्यास संगणकावरून त्या पत्त्यास ‘पिंग’ करावे. १९८३ साली माइक मूस यांनी लिहिलेल्या या लहानशा आज्ञावलीस पाणबुडीशोधक यंत्राच्या नादावरून नाव मिळाले, आणि तिचे कार्यही तेच आहे, हाक देऊन प्रतिध्वनीची वाट पाहणे. प्रतिध्वनी आला की मार्ग मोकळा ठरतो, आणि दोष स्मरणाचा आहे हे निश्चित होते. मग संगणकातील प्रिंटरच्या नोंदीत कोणता पत्ता लिहिलेला आहे, तेवढेच ताडून पाहायचे राहते.

पत्ताही बरोबर असून ‘ऑफलाइन’ हीच सूचना कायम राहिल्यास विंडोज प्रणालीतील एक बारकावा तपासावा. ही प्रणाली प्रिंटरची अवस्था एसएनएमपी या वेगळ्या पद्धतीने विचारते; त्या प्रश्नास उत्तर न आल्यास, छपाई शक्य असतानाही ती प्रिंटरला गैरहजर मांडते. पोर्टच्या मांडणीतील ती खूण काढून टाकली की काम सुरू होते. पूर्वीच्या प्रयत्नांत त्याच प्रिंटरच्या ‘प्रत १’, ‘प्रत २’ अशा नोंदी झालेल्या असतात. त्यांपैकी एखादी मृत नोंद मुख्य म्हणून निवडलेली नाही ना, आणि रांगेत अडकलेले जुने काम पुढच्यांची वाट अडवीत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पत्ता बदलू न देण्याचे दोन मार्ग आहेत. प्रिंटरमध्येच कायमचा पत्ता लिहिणे हा पहिला. परंतु सेवा बदलून नवा राउटर आला आणि त्याची पत्तेमाला निराळी असली, की तो प्रिंटर पुन्हा परगावी पडतो. राउटरमध्ये प्रिंटरच्या बारा चिन्हांच्या भौतिक पत्त्यापुढे एक पत्ता राखून ठेवणे हा दुसरा मार्ग अधिक चांगला. राउटर बदलल्यास ही नोंद नव्याने करावी लागते, व त्या वेळी तो भौतिक पत्ता हाताशी लागतो. तो वर सांगितलेल्या छापील पानावर असतो. ते पान जपून ठेवावे, मात्र प्रिंटरच्या कागदाच्या खणात नव्हे; तेथे ठेवल्यास त्यावरच पुढची छपाई होते.