चार्जरचे बटण कुठे ठेवावे?

उसाचा हंगाम सुरू झाला की अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दिसण्याआधी ऐकू येतो. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा ऊस बैलगाड्यांतून येत असे आणि आवाज घुंगरांचा असे. आता ट्रॅक्टरच्या टपाखाली टेप, ॲम्प्लिफायर आणि दोन-चार स्पीकर असतात. उसाने भरलेले ट्रेलर कारखान्याच्या आवारात आपला नंबर येण्याची वाट पाहत तासन्‌तास उभे राहतात. इंजिन बंद, गाणी चालू. मग मध्यरात्री रांग पुढे सरकते, चालक किल्ली फिरवतो, आणि स्टार्टर नुसता ‘टक्’ असा आवाज करून गप्प बसतो. भरल्या ट्रेलरसकट ट्रॅक्टरला धक्का मारता येत नाही. मागची रांग खोळंबते.

दुसऱ्या दिवशी ती उतरलेली बॅटरी चार्जिंगला लागते. बाजारात मिळणाऱ्या चार्जरवर तीन-चार बटणे असतात: बॅटरीचा प्रकार कोणता, व्होल्ट किती, अँपिअर किती. बहुतेक जण ‘जास्त म्हणजे लवकर’ या हिशेबाने बटण शेवटपर्यंत फिरवतात. काही हजार रुपयांची बॅटरी एका हंगामात निकामी होते ती पुष्कळदा इथेच. वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी ट्रॅक्टर किंवा जीप असते. तेव्हा विद्युतरसायनाचा धडा शिकवताना या बटणांपासून सुरुवात करायला हरकत नाही.

आधी बॅटरीतून किती गेले ते पाहू. ॲम्प्लिफायरवर १००० वॅट छापलेले असते, ते फारसे मनावर घेऊ नये. समजा, तो बॅटरीतून सरासरी २४० वॅट ओढतो. २४० भागिले १२, म्हणजे २० अँपिअर. बॅटरी ८० अँपिअर-तासांची असेल, तर दोन तासांत ४० अँपिअर-तास खर्च झाले, म्हणजे अर्धी बॅटरी संपली. स्टार्टरला काही सेकंदच, पण शेकडो अँपिअर लागतात. त्यासाठी या बॅटरीत पातळ पट्ट्या भरपूर संख्येने बसवलेल्या असतात. संथपणे खोलवर उतरणे त्यांना मानवत नाही. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी वेगळ्या बांधणीची असते आणि असे उतरणे ती बरेच सोसते.

शिशाच्या बॅटरीचे तत्त्व गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये दाखवले, आणि ते आजही तेच आहे. एक पट्टी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, मध्ये पातळ गंधकाम्ल. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि आम्ल आणखी पातळ होते. चार्जिंग म्हणजे हीच क्रिया उलटी चालवणे. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते व सहज परतते. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडाभर पडली, तर त्याचे स्फटिक मोठे होत जातात आणि मग ते विजेला दाद देत नाहीत. म्हणून चार्जर कोणताही असो, बॅटरी उतरली त्याच दिवशी लावावी.

आता व्होल्टचे बटण. एका घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, सहा घटांचा १२.६. वीज आत ढकलायची तर चार्जरचा दाब त्याहून जास्त हवा. पण दर घटामागे २.४ व्होल्टच्या आसपास पोचलो की आणखी एक क्रिया जोर धरते: पाण्याचे विघटन. एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे ऑक्सिजन. सहा घटांचे १४.४ व्होल्ट होतात. बऱ्याच चार्जरवर हा आकडा का भेटतो, याचे उत्तर इथे आहे. १३.२ व्होल्टवर ठेवले तर बॅटरी पूर्ण भरायला अतोनात वेळ लागतो आणि थोडे सल्फेट तसेच राहते. १५ च्या वर नेले तर वीज बॅटरीत साठण्याऐवजी पाणी उडवण्यात जाते. चार्जिंग पूर्ण झाल्यावर नुसते जोडून ठेवायचे असेल तर १३.५ ते १३.८ पुरे.

प्रकाराचे बटण याच कारणासाठी असते. पाणी घालायची साधी बॅटरी १४.४ व्होल्ट घेते. एजीएम प्रकारात आम्ल काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. तिला १४.४ ते १४.७ चालतात. जेल प्रकारात ते घट्ट चिकीसारखे असते. जास्त दाबाने त्यात वायूचे बुडबुडे अडकले तर पोकळ्या कायमच्या राहतात, म्हणून तिला सुमारे १४.१ च द्यावे. शेवटच्या दोन्हींत पाणी घालायची सोयच नाही, त्यामुळे उडालेले पाणी परत येत नाही. बॅटरीवर निर्मात्याने आकडा छापला असेल तर आमच्या आकड्यापेक्षा तो खरा मानावा.

अँपिअरचा हिशेब सोपा आहे. अँपिअर-तासांचा दहावा भाग घ्यावा. ८० च्या बॅटरीला ८ अँपिअर. चार्जरवर २, ६ आणि १० अशाच खुणा असतील तर ६ निवडावे. घाई असेल तर १० नेही बिघडत नाही. २ ची खूण मोटारसायकलच्या बॅटरीसाठी. खर्च झालेले ४० अँपिअर-तास ८ अँपिअरने भरायला पाच तास लागतील असे वाटते, पण शेवटच्या टप्प्यात प्रवाह आपोआप घटत जातो, म्हणून आणखी तीन-चार तास धरावेत. दोन टाक्या नळीने जोडल्या तर पातळ्या सारख्या होत जातात तसतशी धार बारीक होते, तसेच हे. या शेवटच्या तासांत चार्जर काढून घेण्याची सवय बॅटरीला हळूहळू मारते.

वरचे सगळे आकडे २५ अंश सेल्सिअसचे आहेत, आणि नगरची हवा क्वचितच २५ वर थांबते. तापमान एक अंशाने वाढले की दर घटामागे ३ ते ४ मिलिव्होल्ट कमी लागतात, म्हणजे सहा घटांना सुमारे २० मिलिव्होल्ट. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पारा ४० वर असेल तर १५ अंशांचे ०.३ व्होल्ट वजा करून १४.१ ठेवावेत. डिसेंबरच्या रात्री १० अंशांत त्याच बॅटरीला १४.७ हवेत. उसाचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, तेव्हा एकाच हंगामात दोन वेगळे आकडे लागतात. काही चार्जर हे स्वतःच सांभाळतात.

हायड्रोजनबद्दल थोडे गणित करू. फॅरेडेच्या नियमानुसार २६.८ अँपिअर-तास वीज एका घटातून नुसती पाणी फोडत गेली, तर ९ ग्रॅम पाणी जाते आणि ११.२ लिटर हायड्रोजन मिळतो. जुन्या धाटणीचा, आपोआप बंद न होणारा चार्जर भरलेल्या बॅटरीवर ६ अँपिअरने नऊ तास विसरला गेला, तर ५४ अँपिअर-तास होतात. सहा घटांतून सुमारे १३४ लिटर हायड्रोजन आणि १०८ ग्रॅम पाणी! हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो. तीन मीटर लांब, रुंद व उंच खोलीत २७,००० लिटर हवा असते, तिचे ४ टक्के म्हणजे १,०८० लिटर. खोली तशी सुरक्षित वाटते. पण स्पीकरच्या गाडीत बॅटरी बहुधा झाकणाच्या लाकडी पेटीत असते. पेटीतली मोकळी जागा ६० लिटर धरली, तर २.४ लिटर वायू पुरतो, आणि तेवढा जेमतेम एका अँपिअर-तासात तयार होतो. चार्जिंग करताना पेटीचे झाकण उघडेच हवे, ते यासाठी.

ठिणगी टाळण्यासाठी आधी चिमटे लावावेत, मग चार्जरचे बटण दाबावे. काढताना आधी बटण बंद. गाडीतून बॅटरी काढायची तर ऋण टोकाची वायर प्रथम सोडवावी. ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. धन टोक आधी सोडवू लागलो आणि पाना सांगाड्याला टेकला, तर पान्यातूनच शॉर्ट होतो. आम्ल डोळ्यांत उडाले तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धूत राहावे आणि लगेच डॉक्टर गाठावा. चार्जरवर ‘रिपेअर’ अशी खूण असेल तर ती दाब १६ व्होल्टच्या जवळ नेते. ती फक्त पाण्याच्या बॅटरीसाठी, आणि तीही गाडीपासून पूर्ण सोडवल्यावर. नाहीतर ॲम्प्लिफायर जळण्याची भीती.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग आहे. चार्जिंग संपल्यावर बॅटरीला रात्रभर स्वस्थ ठेवून मल्टिमीटर लावावा. १२.७ व्होल्ट असतील तर ती पूर्ण भरली आहे, १२.२ ला अर्धी, ११.८ च्या आसपास रिकामी. हायड्रोमीटर मिळाला तर आम्लाचे विशिष्ट गुरुत्वही मोजता येते, पण ते काम चष्मा व हातमोजे घालून शिक्षकांनीच करावे. मुलांनी दोन्ही आकड्यांचा आलेख काढावा. सहापैकी एकाच घटाचे गुरुत्व फार खाली असेल, तर दोष चार्जरचा नसून त्या घटाचा आहे.

अलीकडे गाडीतल्या संगीतासाठी लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्याही घेतल्या जातात. त्यांत ३.२ व्होल्टचे चार घट असतात आणि चार्जिंग १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंत करतात. आकडे शिशाच्या बॅटरीसारखेच दिसतात, म्हणून जुनाच चार्जर लावण्याचा मोह होतो. पण या बॅटरीला ‘रिपेअर’ची खूण अजिबात चालत नाही, आणि वरचा मल्टिमीटरचा प्रयोगही तिच्यावर फसतो. पाऊण भरलेली असो की अर्धी, स्वस्थ ठेवल्यावर तिचा दाब १३ व्होल्टच्या थोडा वरच जवळजवळ स्थिर राहतो. तिच्यात किती उरले हे कळायला गेलेले आणि आलेले अँपिअर-तास मोजणारे वेगळे मीटरच लावावे लागते.