विमानाचा धमाका आणि छातीतली धडधड

आरे-वारेच्या घाटावरून समुद्राकडे पाहावे. होडी पुढे निघून जाते आणि तिने उठवलेली लाट मागाहून किनाऱ्यावर आपटते. ताशी सुमारे १,२०० किलोमीटर, म्हणजे आवाजाहून अधिक वेगाने जाणारे विमान हवेत अशीच लाट मागे ओढत नेते. ती जमिनीला भिडली की धमाका होतो. तो एकाच जागी होतो हा गैरसमज. वाटेवरच्या प्रत्येक गावाला तो बसतो.

२० मे २०२० रोजी बंगळूरकर असेच हादरले. अनेकांना भूकंप वाटला. ते हवाई दलाचे चाचणी उड्डाण होते.

उंचावरून आलेल्या अशा धमाक्याने सहसा कानाचा पडदा फाटत नाही. कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब त्याहून घातक! खरा त्रास दचकण्याचा. नाडी धावते, रक्तदाब चढतो, झोपलेले मूल किंचाळून उठते. निरोगी माणूस थोड्या वेळात सावरतो. पण रोजचेच झाले तर? १९६४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीवर सहा महिने दिवसाला आठपर्यंत धमाके करून पाहिले. अखेरीस सुमारे चौथा हिस्सा लोक म्हणाले, हे सोसवणार नाही. काँकॉर्ड विमानही २००३ मध्ये बंद होईपर्यंत आपला पूर्ण वेग मुख्यतः समुद्रावरच गाठत असे.

हृदयविकार असलेल्यांना मात्र माझे वेगळे सांगणे आहे. दचकल्यावर छातीत कळ आली, घाम फुटला, तर 'घाबरल्यामुळे असेल' म्हणून सरबत पाजत बसू नका. तडक दवाखाना गाठून ईसीजी काढा.