भूशास्त्र : पायाखालची जमीन वाचण्याची विद्या

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने दगडांवर लेख लिहावा, याचे काहींना हसू येईल. जमाखर्च, ताळेबंद, नफातोटा हे आमचे विषय. दगडाशी आमचा संबंध फार तर ठेच लागण्यापुरता! पण गेल्या उन्हाळ्यात अशी एक ठेच आमच्या घराला लागली आणि तिच्यामुळेच मी या विषयाकडे वळलो.

माझे मामा गोकाकच्या बाजूला शेती करतात. विहिरीचे पाणी आटले म्हणून त्यांनी बोअर मारायचे ठरविले. तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखविणारा एक माणूस आला. त्याने दाखविलेल्या जागी ३८० फूट खोदले. वर आली ती नुसती पांढरी धूळ. त्याने दुसरी जागा दाखविली. तिथे ४२० फूट खोदले. पुन्हा धूळच. दोन्ही वेळचा पैसा कर्जाचा होता. मी सुट्टीत गेलो तेव्हा मामा म्हणाले, "तू बी.कॉम.ला आहेस ना? मग एवढा हिशेब तरी नीट लिहून दे बाबा." मी लिहिला. खोदाई, केसिंग पाइप, गाडीभाडे, नारळवाल्याची दक्षिणा, कर्जाचे व्याज. बेरीज लाखाच्या वर गेली. पण ज्या जमिनीत एवढा पैसा घातला, ती जमीन आतून कशी आहे हे कोणा जाणकाराला विचारण्यासाठी झालेला खर्च किती? शून्य! तो शून्य मला फार टोचला.

माझ्या एका शाळासोबत्याचे थोरले बंधू धारवाडला कर्नाटक विद्यापीठात भूशास्त्रात एम.एस्सी. करीत होते. मामा तिसऱ्या बोअरच्या विचारात होते, तेवढ्यात मी त्यांना शेतावर घेऊन गेलो. आम्ही त्यांना दादाच म्हणतो. एक हातोडी, एक भिंग आणि एक होकायंत्र एवढ्या सामानावर दादा दिवसभर शिवारात, ओढ्यात आणि मागच्या टेकडीवर हिंडले. त्या दिवशी त्यांच्याकडून जे ऐकले आणि नंतर ग्रंथालयात जे वाचले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

भूशास्त्र म्हणजे दगडांची नावे पाठ करणे नव्हे. पृथ्वी कशाची बनली आहे, तिचे थर कोणत्या क्रमाने साचले, मागाहून त्यांत काय उलथापालथ झाली आणि आज त्यांच्यात पाणी, धातू किंवा धोका कुठे दडला आहे, हे शोधणारे हे शास्त्र आहे. त्याचा पहिला धडा अगदी साधा आहे. तो निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडला. थर उलटेपालटे झाले नसतील तर खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा. आमच्या रोजकीर्दीसारखेच हे! आधी झालेला व्यवहार आधी लिहिलेला, नंतरचा त्याच्यापुढे.

खडकांच्या तीन जाती शाळेत आपण सर्वांनी घोकल्या आहेत : अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित. परीक्षा झाली की त्या आपण विसरतो. पण आपल्या बेळगाव जिल्ह्याचे भाग्य असे की या तिन्ही जाती पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही.

जिल्ह्याच्या उत्तर आणि पश्चिम भागात काळा पाषाण आहे. हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्ह्याचे लोट एकामागून एक बाहेर पडले. आजही त्यांनी सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. त्यालाच दक्खन ट्रॅप म्हणतात. 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतला असून त्याचा अर्थ पायरी असा आहे. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, ते या थरांमुळेच. उष्ण आणि पावसाळी हवेत हाच पाषाण युगानुयुगे कुजला की त्याचा तांबडा जांभा होतो. खानापूरकडच्या मंडळींना त्याची ओळख करून द्यायला नको.

गोकाक आणि सौंदत्तीकडे गेलो की दगड पालटतो. तो पांढरट, गुलाबी, वाळूच्या घट्ट कणांचा होतो. हे कलादगी गटाचे खडक. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून त्यांना हे नाव मिळाले. घटप्रभा गोकाकला सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, तो कडा याच खडकाचा. सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर याचाच, आणि बदामीची लेणी कोरली तीही याच गटाच्या वालुकाश्मात. एका प्राचीन समुद्राच्या आणि नद्यांच्या तळाशी साचलेली ही वाळू आहे. तिचे तळातले थर १०० कोटी वर्षांहूनही जुने आहेत.

या दोन्हींच्याही खाली धारवाडी शिस्ट आणि नाइस हे रूपांतरित खडक आहेत. त्यांचे वय २५० कोटी वर्षांच्या पुढचे. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीतले सोने याच धारवाडी खडकांतून निघते.

आता खरी गंमत पाहा. आपल्या जिल्ह्यात काही ठिकाणी कलादगीच्या वाळूवर थेट लाव्हा येऊन बसलेला आहे. एका हाताच्या पंजाखाली दोन्ही खडक येतील. पण त्यांच्या वयांत कित्येक कोटी वर्षांचे अंतर! मधली पाने गेली कुठे? त्या काळात एक तर काही साचलेच नाही, किंवा साचलेले झिजून वाहून गेले. अशा जागेला भूशास्त्रात विसंगती म्हणतात. स्कॉटलंडच्या जेम्स हटन याने १७८८ साली समुद्रकाठच्या एका कड्यावर अशीच एक विसंगती पाहिली. पृथ्वीचे वय माणसाच्या कल्पनेपेक्षा फार मोठे असले पाहिजे, या त्याच्या विचाराला तिथे डोळ्यांनी दिसणारा पुरावा मिळाला. हिशेब तपासनीस जसा लिहिलेल्या नोंदींइतकाच न लिहिलेल्या नोंदींचाही विचार करतो, तसेच हे आहे.

आपला मुलूख भूशास्त्राच्या इतिहासात नवखा नाही. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने हा सारा प्रदेश फिरून दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवर १८७६ साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी १८७४ साली त्याने गोकाकजवळच्या चिकदौली येथे मिळालेल्या एका नामशेष गेंड्याच्या जीवाश्मांचे वर्णन छापले होते. आज जिथे ऊस आणि मका उभा आहे, तिथे एके काळी गेंडे चरत होते! हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळावे, याची थोडी लाजच वाटली.

विद्यापीठात हे सारे कसे शिकवितात? खनिजविज्ञानात खनिज ओळखायला शिकतात : त्याचा रंग, चकाकी, घासून उमटणारी रेघ आणि कठिनता. कठिनतेसाठी मोस या शास्त्रज्ञाची एक ते दहा अशी श्रेणी आहे. शंखजिरे एक, हिरा दहा. आपले नख अडीचच्या आसपास, तर गारगोटी सात. म्हणून गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. चुनखडीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते. शैलविज्ञानात दगडाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ करतात. मग काळा कुळकुळीत बेसाल्टही सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक होतो आणि त्याचे स्फटिक रंगीबेरंगी दिसतात. याशिवाय स्तरविज्ञान आहे, जीवाश्मांचा अभ्यास आहे, नकाशे वाचणे आणि तयार करणे आहे. शिवाय दरवर्षी पाठीवर पिशवी टाकून क्षेत्रभेटीला जावे लागते. दादा म्हणतात, "वर्गात निम्मे शास्त्र असते. उरलेले निम्मे उन्हात."

पाण्याचे गणितही या दगडांशीच बांधलेले आहे. बेसाल्टच्या प्रत्येक लोटाचा माथा सच्छिद्र असतो, मधला भाग ठोस. पाणी मुरते ते सच्छिद्र, भेगाळलेल्या आणि कुजलेल्या भागात. कलादगीचा क्वार्टझाइट मात्र कण न् कण जुळलेला. त्यात पाणी असलेच तर फक्त भेगांत. मग शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागले म्हणून आपल्याला लागेलच असे कसे म्हणावे? दुसऱ्या जिल्ह्याचा अनुभवही इथे उपयोगी नाही. भूकंपांच्या अभ्यासासाठी कोयना परिसरात २०१७ साली सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा लाव्ह्याचे थर सव्वा किलोमीटर खोलीपर्यंत लागले आणि त्याखाली ग्रॅनाइट. आपण त्याच लाव्ह्याच्या दक्षिण काठावर आहोत. इथे तो थर तेवढा जाड नाही.

मामांच्या शेतातली पांढरी धूळ ही त्या ठोस क्वार्टझाइटचीच होती. दोन्ही बोअर उताराच्या अखंड खडकात गेल्या होत्या. दादांनी मामांना ओढ्याच्या काठी नेले. तिथे तोच खडक भेगांनी फुटलेला होता आणि जुनी विहीर त्याच पट्ट्यात होती. ते म्हणाले, "मामा, तिसरी बोअर घेऊ नका. आधी विहिरीतला गाळ काढा आणि ओढ्याला लहानसा बंधारा घाला. बोअर घ्यायचीच असेल तर जमिनीत वीज सोडून विद्युतरोध मोजून घ्या. ओल्या आणि भेगाळलेल्या थरातून वीज सहज जाते, कोरड्या ठोस खडकातून जात नाही. त्यानेही शंभर टक्के खात्री होत नाही, पण नारळापेक्षा बरे!"

जमीन न जाणता केलेल्या कामाची किंमत नुसती पैशांतच मोजावी लागते असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ होती आणि जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. हा भाग स्थिर समजला जात होता. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद हेच झोपलेल्या माणसांच्या अंगावर कोसळले. भूकंप कोणी थांबवू शकत नाही. पण कुठे कसे घर बांधावे, हे सांगता येते.

आता थोडे व्यवहाराचे. भूशास्त्राच्या बी.एस्सी.साठी पी.यू.सी.ला विज्ञान शाखा लागते. माझी गाडी तिथेच चुकली. ज्यांची अजून चुकलेली नाही, त्यांनी विचार करावा. पुढे आय.आय.टी.त एम.एस्सी.साठी 'जॅम' ही प्रवेश परीक्षा आहे. कोलकात्याला मुख्यालय असलेली, १८५१ साली स्थापन झालेली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि केंद्रीय भूजल मंडळ यांतील पदांसाठी संघ लोकसेवा आयोग स्वतंत्र परीक्षा घेतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना या विषयातील इंग्रजी शब्दांची धास्ती वाटते. मलाही वाटली. पण मराठी विश्वकोश उघडला आणि निम्मी धास्ती गेली. शिवाय आपल्याजवळ दोन भाषांची शिदोरी आहे. आमची गारगोटी म्हणजे कन्नडमधला बेणचुकल्लू, चुनखडी म्हणजे सुण्णदकल्लू. आणि जांभ्याला कन्नड शेतकरी जंबिट्टिगे म्हणतो. हे शब्द पुस्तकांआधीपासून शेतात नांदत आहेत. ते ज्याच्या ओठी आहेत, त्याला हे शास्त्र परके कसे?

तिसरी बोअर झाली नाही. मामांनी विहिरीतला गाळ काढला, ओढ्याला दगडांचा बंधारा घातला. पाणी किती टिकते ते येत्या उन्हाळ्यात कळेल. पहिल्या दोन बोअरचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. मामांच्या वहीत मी एक नवे सदर उघडले आहे : 'जमिनीची तपासणी'. ज्यांच्या घरी शेती आहे, अशा प्रत्येक वाचकमित्राने आपल्या घरच्या वहीत ते उघडावे आणि खोदाईच्या सदराच्या आधी उघडावे, एवढीच विनंती.