खो-खोचा नववा गडी

सोलापुरातील एका मैदानावर परवा सायंकाळी आम्ही मुलांचा खो-खो पाहावयास उभे राहिलो. संघाची निवड चालली होती. धावण्यात पहिले आलेले नऊ जण घेतले गेले. दहावा, उंच व काहीसा संथ मुलगा, खाली मान घालून घरी निघाला. आमच्या मते चूक झाली ती येथेच.

आक्रमणात आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडे करून बसतात, नवव्याने धावावयाचे. त्यास मधली पाटी ओलांडता येत नाही, की घेतलेली दिशा खांब गाठल्यावाचून बदलता येत नाही. पळणाऱ्यास मात्र सारे मैदान मोकळे! तेव्हा एकट्याच्या वेगाने काय साधणार? पळणाऱ्यास कोंडतो तो वेळेवर दिलेला खो. म्हणून खांबांपाशी लांब हाताचे, सूर मारणारे गडी असावेत. मध्ये चटकन उठणारे व हुलकावणीस न फसणारे असावेत. आणि धावणाऱ्याने गडी स्वतःच बाद करण्याचा मोह आवरावा.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुषांनी व स्त्रियांनी, दोघांनीही नेपाळास हरवून अजिंक्यपद मिळविले. दोन्ही संघांचे नायकत्व प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या महाराष्ट्रीय खेळाडूंकडे होते. हा मान टिकावयाचा तर गावोगावची निवड डोळस हवी.

त्या दहाव्या मुलाचे हात खांबापाशीच शोभले असते. वाचकहो, आपल्या घरचा एखादा मुलगा असाच खट्टू होऊन परतला, तर ‘तुला धावता येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी त्याची जागा कोणती, एवढे अवश्य पाहावे.