बदललेले इंजिन (भाग 6) : गॅस किटचा फटाका आणि स्लोवरची थरथर

इंजिनाचा फटाका दोन ठिकाणी फुटतो. आवाज एअर फिल्टरच्या बाजूने आला, तर मिश्रण इनटेक मॅनिफोल्डमध्येच पेटले. सायलेन्सरमधून आला, तर सिलिंडरमध्ये न जळलेले इंधन बाहेर पडून तिथे जळले. गॅरेजमध्ये दोन्हींना बॅकफायरच म्हणतात आणि बहुतेक वेळा प्लग बदलून गाडी परत दिली जाते. पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत. याच्या जोडीला स्लोवरची थरथर असते: गाडी उभी असताना स्टिअरिंग हलते, आरपीएमचा काटा खालीवर होतो, एसी लावला की इंजिन बंद पडू पाहते. स्लोवर, म्हणजे साधारण 750 ते 850 आरपीएमवर, इंजिनाला हवा आणि इंधन दोन्ही अगदी मोजके मिळते, त्यामुळे एरवी लपून राहणारा लहानसा दोषही इथे उघडा पडतो.

रायगडात हा प्रश्न सर्वाधिक दिसतो तो बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या पेट्रोल गाड्यांत. पेण, वडखळ, कासू, नागोठणे, रोहा या पट्ट्यात इको आणि जुन्या ओम्नी दिवसभर प्रवासी भरत थांबत-धावत असतात, म्हणजे इंजिन स्लोवर बराच वेळ चालते. त्यात रस्त्याची भर. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचे काम 2011 च्या सुमारास सुरू झाले, पुढे ते कासूपाशीच दोन टप्प्यांत विभागले गेले आणि वर्षानुवर्षे रखडले. खड्ड्यांतले सततचे हादरे किटच्या क्लिपा सैल करतात, रबरी पाइप चिरतात, अर्थिंगच्या वायरीचा बोल्ट ढिला करतात. कोकणातला पाऊस प्लगच्या खोबणीत ओल धरतो. म्हणून इथल्या गाडीचे निदान करताना आधी नट, क्लिप, पाइप आणि वायरी हाताने चाचपून पाहाव्यात. महागडा सेन्सर नंतर.

गॅसचा स्वभाव पेट्रोलपेक्षा वेगळा आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, सीएनजीला सुमारे 17 किलो. गॅस वायुरूपातच आत जात असल्याने मॅनिफोल्डमधली जवळपास दहावा हिस्सा जागा तोच व्यापतो आणि तेवढी हवा कमी येते. गॅसचे मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते आणि ज्योत हळू पसरते, म्हणून ठिणगी पेट्रोलच्या तुलनेत थोडी आधी पडावी लागते. पेट्रोलवर कसेबसे निभावणारा प्लग गॅसवर मिसिंग मारतो, तो याच कारणाने.

फटाक्याची तीव्रता किटच्या जातीवर अवलंबून असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर 2001 च्या सुमारास मुंबईतल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या, त्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मिक्सर बसवून. मिक्सर किटमध्ये संपूर्ण इनटेक पेटू शकणाऱ्या मिश्रणाने भरलेला असतो. एक चुकार ज्योत आत शिरली की फिल्टरचा डबा फुटतो किंवा त्याचे झाकण उडते. सिक्वेन्शियल किट प्रत्येक सिलिंडरच्या वॉल्वजवळ, ठरलेल्या क्षणी, थोडाच गॅस सोडते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पेटायला फारसे काही नसते. एका कॉइलवर दोन प्लग चालणाऱ्या इंजिनात दुसरी, ‘वाया’ ठिणगी ज्या सिलिंडरमध्ये पडते तिथे एक्झॉस्टचा स्ट्रोक संपत आलेला आणि इनटेक वॉल्व उघडू लागलेला असतो. अशा इंजिनाला मिक्सर लावणे म्हणजे फटाक्याला आमंत्रण. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत मिक्सर आढळला, तर दुरुस्तीपेक्षा सिक्वेन्शियल किट बसवून घेणेच शहाणपणाचे. बदल झाल्यावर पेणच्या आरटीओत त्याची आरसी बुकात नोंदही करावी लागते.

निदानाची पहिली पायरी बिनखर्चाची आहे आणि तीच सर्रास वगळली जाते: चेंजओव्हर स्विच पेट्रोलवर टाकून, गरम इंजिन स्लोवर दहा मिनिटे चालवणे. थरथर दोन्ही इंधनांवर असेल तर दोष इंजिनात, ठिणगीत किंवा हवेच्या गळतीत आहे. फक्त गॅसवर असेल तर किटकडे वळावे, पण कमजोर ठिणगीही आधी गॅसवरच दिसते, हे लक्षात ठेवून. पेट्रोलवर गाडी घड्याळासारखी चालू लागेपर्यंत किटच्या ट्यूनिंगला हात लावू नये. उलट क्रमाने काम केले की गॅसची मात्रा मूळ दोष झाकण्यापुरती वाढवली जाते. मग मायलेज घसरते, आणि गाडी पेट्रोलवर आली की जास्तच बिघडते, कारण गॅसवर चालताना झालेली चुकीची दुरुस्ती पेट्रोलच्या ईसीयूने आपल्या स्मृतीत साठवलेली असते.

कोणता सिलिंडर काम करत नाही हे कळण्यासाठी पेट्रोलवर असताना एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहावा. जो काढल्याने स्लोमध्ये काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर निकामी. चालू इंजिनात प्लगची वायर उपसू नये. कॉइल जळू शकते आणि कच्चे इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते. स्कॅनरवर पी 0301 ते पी 0304 यांपैकी कोड आला तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. पी 0300 म्हणजे मिसफायर ठिकाण बदलतो आहे. तिथे हवेची गळती किंवा इंधनाचा दाब आधी पाहावा.

काढलेला प्लग उजेडात फिरवून बघावा. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ वरून खाली उतरलेली असेल, तर ठिणगी टोकाशी न पडता त्या रेघेवरून बाहेरच्या बाजूने पळते आहे. असा प्लग पुसून परत लावण्यात अर्थ नाही, आणि त्याच्या रबरी टोपीतही तशीच रेघ असते, म्हणून तीही बदलावी लागते. गॅसच्या गाडीत प्लगची फट साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवतात. वायरींची मांडणीही पाहावी. 1-3-4-2 या क्रमाच्या इंजिनात 3 आणि 4 क्रमांकांच्या वायरी एकमेकींना चिकटून असतील, तर 3 च्या ठिणगीबरोबर 4 मध्येही ठिणगी उमटू शकते. त्या क्षणी 4 चा इनटेक वॉल्व अजून पुरता मिटलेला नसतो, आणि फटाका थेट फिल्टरकडे येतो.

हवेची गळती शोधताना किटवाल्याने मॅनिफोल्डला पाडलेली भोके आधी तपासावीत. तिथली नोझल ढिली झाली की मोजणीबाहेरची हवा आत येते. स्लोवर गाडी लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते; रेस दिली की बरी वाटते. संशयित जोडावर साबणाचे पाणी सोडून स्लोचा आवाज बदलतो का ते ऐकावे. गरम इंजिनावर ज्वलनशील स्प्रे मारू नये, आणि गॅसचा पाइप उघडण्याआधी टाकीवरचा हाताचा वॉल्व बंद करावा, कारण टाकीत 200 बारचा दाब असतो.

सायलेन्सरमधला फटाका मिसिंगमुळे होतो तसा सायलेन्सर बदलल्यानेही होतो. फ्री-फ्लो पाइप बसवताना फ्लँजची गॅस्केट नीट न बसल्यास पाय उचलताच बाहेरची हवा आत ओढली जाते आणि उरलेले इंधन तिथेच पेटते. तीच हवा ऑक्सिजन सेन्सरला फसवते; ईसीयूला मिश्रण लीन वाटते आणि ते इंधन आणखी वाढवते.

प्लग, वायरी, हवा सगळे ठीक असूनही गाडी थंड असताना बरी चालते आणि गरम झाल्यावर थरथरते, तर संशय एक्झॉस्ट वॉल्वच्या सीटवर जातो. कोरड्या गॅसवर लाखभर किलोमीटर धावलेल्या इंजिनात सीट झिजून वॉल्व वर सरकतो, टॅपेटची फट कमी होत जाते आणि गरम इंजिनात ती उरतच नाही. वॉल्व पुरता मिटत नाही, जळता वायू त्याच्या कडेने निसटून कड जाळतो. टॅपेटचा आवाज उलट कमी झालेला असतो, म्हणून मालकाला इंजिन सुधारल्यासारखे वाटते. कॉम्प्रेशन गरम इंजिनावरच मोजावे. कमी कॉम्प्रेशन आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा वाढला तर रिंगा, न वाढल्यास वॉल्व. प्लगच्या भोकातून हवा भरल्यावर फुसफुस सायलेन्सरमध्ये ऐकू आली तर एक्झॉस्ट वॉल्व, फिल्टरमध्ये आली तर इनटेक. नुसती फट कमी झाली असेल तर टॅपेट सेट करून भागते. कड जळली असेल तर हेड उतरवावे लागते.

एवढे झाल्यावर किट. गॅस फिल्टर बदलावा, गॅसचा दाब उतरवणाऱ्या रेड्यूसरकडे जाणारा कूलंटचा पाइप गरम होतो का ते हाताने पाहावे. तो थंड राहिला तर दाब उतरताना रेड्यूसर गारठतो आणि स्लोवरचा पुरवठा डळमळतो. मग ईसीयूची स्मृती पुसून गाडी आधी पेट्रोलवर बरीच फिरवावी आणि त्यानंतरच गॅसचे कॅलिब्रेशन करावे. स्कॅनरवर इंधनदुरुस्तीचा टक्का दोन्ही इंधनांवर जवळपास सारखा आणि दहाच्या आत राहिला, एसी व हेडलाइट लावूनही गरम इंजिनाचा काटा स्थिर राहिला, की काम पुरे झाले असे धरावे.